टोपणे सर

टोपणे हे त्यांचं आडनाव नव्हे. सातबाऱ्यावर, आधार कार्डावर आणि लग्नाच्या पत्रिकेत त्यांचं आडनाव दुसरंच आहे, पण ते आता त्यांच्या सासुरवाडीतही कुणी घेत नाही. पाण्याच्या, सोड्याच्या, गोडेतेलाच्या, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांची टोपणं गोळा करायची, रात्रभर साबणाच्या पाण्यात भिजत घालायची, सकाळी काथ्यानं घासायची आणि वाळली की एकेकावर ऑइलपेंटनं अक्षर काढायचं, या नादापायी गावानं त्यांना हे नाव बहाल केलं. टोपणनाव या शब्दाचा इतका रोखठोक अर्थ मी तरी दुसरीकडं पाहिलेला नाही. मागं एक नवीन विस्तार अधिकारी आले होते. वर्ग बघून खूश झाले आणि शेरेबुकात लिहून गेले, ‘श्री. टोपणे यांचे अक्षरओळखीचे काम वाखाणण्याजोगे.’ एवढ्या वर्षांच्या नोकरीतला पहिला चांगला शेरा, आणि तोही नसलेल्या माणसाच्या नावावर! सर दोन दिवस माझ्या मागं लागले होते, “कंसात माझं खरं नाव लिवता का?” शेरेबुकात खाडाखोड करायचा अधिकार मला नाही, म्हणून मी सुटलो.

आमची शाळा किल्लारीच्या पंचक्रोशीतली, जिल्हा परिषदेची, दोन शिक्षकी. कुठली ते विचारू नका. पुढं जे सांगणार आहे त्यातलं निम्मं वरपर्यंत गेलेलं नाही. पहिली-दुसरी त्यांच्याकडं, तिसरी-चौथी माझ्याकडं. शिवाय सेवाज्येष्ठतेनं प्रभारी मुख्याध्यापक मी, म्हणजे खिचडीच्या तांदळापासून यूडायसच्या माहितीपर्यंत सगळी बिनपगारी कामं माझी. मी मूळचा निलंग्याकडचा, पाटी-पेन्सिल आणि छडी यांच्यावर वाढलेला. अक्षर शिकायचं म्हणजे मास्तरांनी काढून दिलेल्या अक्षरावरून पेन्सिल फिरवत राहायचं, ते इतकं जाड होईस्तोवर की शेवटी मास्तरांनाही ओळखू येऊ नये. ग, म, भ, न या क्रमानं आम्ही शिकलो आणि काही वाया गेलो नाही, असं माझं प्रामाणिक मत होतं.

टोपणे सरांचं मत वेगळं. “अक्षर डोळ्यानं कळत नसतंय, सर,” ते म्हणतात.

“मग कशानं कळतंय?”

“हातानं, पायानं, पाठीनं. जमलं तर जिभेनं.”

लग्नसराईत त्यांचं खरं रूप बघावं. अक्षता पडल्या की लोक पंगतीकडं पळतात. सर मंडपाच्या मागं जातात, जिथं रिकाम्या बाटल्यांचा ढीग असतो. एकदा नवरदेवाच्या मामानं त्यांना तिथं पोतं घेऊन वाकलेलं पाहिलं आणि दया येऊन दोन लाडू कागदात बांधून दिले. सरांनी घेतले. “मोतीचूर होते,” मला म्हणाले, “आन् टोपणं बी एका रंगाची घावली, दीडशे.”

या माणसाला जगात वस्तू दिसतच नाहीत, अक्षरं दिसतात. साखर कारखान्याची चिमणी म्हणजे काना. आठवडी बाजारात काठी टेकून वाकलेला म्हातारा म्हणजे ‘र’. पाय दुमडून झोपलेलं कुत्रं ‘ळ’. मी टायफॉइडनं लातूरच्या दवाखान्यात पडलो होतो तेव्हा भेटायला आले. स्टुलावर बसून माझ्याकडं न बघता सलाईनच्या नळीकडं एकटक बघत राहिले. मला वाटलं, गहिवरले. निघताना खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाले, “सुट्टी झाली की ती नळी मागून घ्या. तिचा ‘झ’ फस्क्लास होतोय.”

त्यांचं खरं भांडण अननसाशी आहे. वर्गात दुकानातून आणलेला मुळाक्षरांचा तक्ता होता. अ अननसाचा. किल्लारीच्या रानात सोयाबीन होतं, तूर होते, ऊस होतो. अननस कुणाच्या बापजाद्यानं लावलेला नाही. पोरांनी तो पाहिलेला असतो तो याच तक्त्यावर. म्हणजे अ ओळखायला अननस आणि अननस ओळखायला अ! पहिल्याच आठवड्यात सरांनी एका पोराला चित्रावर बोट ठेवून विचारलं, हे काय? “कणीस,” तो म्हणाला. बरं, य यज्ञाचा? “शेकोटी.” शहामृगाला एकीनं “उंच कोंबडी” म्हटलं. यात चूक पोरांची एकही नाही, असं सरांनी मला मधल्या सुट्टीत समजावून सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी तक्ता उतरवून त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर स्वतःचा तक्ता काढला.

तो येळवसीचा तक्ता. बाहेरच्या माणसासाठी सांगतो: वेळा अमावस्या, आमची येळवस, ही लातूर-धाराशिवकडची खास. डिसेंबर-जानेवारीत येते. त्या दिवशी शहरातल्या पेठा ओस पडतात, गाव शेतात जातं, कडब्याची कोपी करून पांडवांची पूजा होते आणि मग जेवणं होतात ती अशी, की दुसऱ्या दिवशी शाळेत निम्मी हजेरी लागते आणि त्या निम्म्यांतही निम्मी पेंगत असतात. सणाचं नावच मुळी पलीकडच्या कानडी मुलखातून आलेलं. तर सरांचा तक्ता असा: अ अंबिलीचा, उ उंड्याचा, क कोपीचा, ख खिरीचा, ध धपाट्याचा, भ भज्जीचा. ‘ळ’नं सुरू होणारा शब्द मराठीत मिळत नाही म्हणून तक्ते छापणारे हैराण असतात, सरांनी ‘येळवस’ असं मोठ्यानं लिहून मधल्या ळ ला लाल रंग दिला. चित्रं त्यांनी स्वतः काढली होती. अंबील आणि खीर सारखीच दिसत होती, पण पोरांना फरक कळत होता. अंबिलीच्या मडक्याशेजारी लसणाची पाकळी होती.

तांड्यावरून येणाऱ्या एका मुलीनं त्यात दुरुस्ती सुचवली. तक्त्यावर भ च्या रांगेत सरांनी भाकरीही काढली होती. ती मुलगी भाकरीवर बोट ठेवून म्हणाली, “बाटी.” तिच्या घरी गोरमाटी बोलतात, तिथं भाकरी म्हणजे बाटी. सरांनी डोकं खाजवलं आणि एक भाकरी ब च्या रांगेतही काढून टाकली. मी म्हटलं, एकच चित्र दोन अक्षरांत? पोरं गोंधळतील. “पोरं न्हाईत गोंधळत ओ,” ते म्हणाले, “आपण गोंधळताव.”

याच तक्त्यावरून एकदा पाहुण्या अधिकाऱ्यांनी परीक्षा घेतली. भ कशाचा? भज्जीचा, हे उत्तर सगळ्या वर्गाला पाठ. पण पुढच्या रांगेतलं एक पोरगं उठून म्हणालं, “भूकंपाचा.” वर्गात एकदम शांतता. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी गणपती बोळवून लोक दमून झोपले होते. हे पोरगं त्यानंतर वीसेक वर्षांनी जन्मलेलं. पण इथं भूकंप हा घरातलाच एक माणूस असल्यासारखा आहे. त्याच्यावरून वय मोजतात, लग्नं मोजतात, विहिरीचं पाणी मोजतात. पाहुणे काय बोलावं या विचारात पडले. सर मात्र फळ्याकडं वळले होते. “बरोबर हाय. भ ला दीर्घ उकार, भू,” असं म्हणून त्यांनी तो काढून दाखवला.

भ आणि म, घ आणि ध यांचा घोळ पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला. माझ्या तिसरीतही एक-दोघं ‘धन’ला ‘घन’ वाचतातच. आमच्या वेळी यावर उपाय एकच होता आणि तो छडीच्या टोकाला असायचा. सरांनी काय करावं? अवकाळी पावसात शेजारच्या आखाड्यावरचे पत्रे उडाले होते. सरांनी अख्खा वर्ग तिथं नेला. “बगा रे. ज्याच्या डोक्यावर पत्रा सलग, तो म, तो घ. ज्याच्या पत्र्याचा कोपरा वाऱ्यानं उचलून मुरडलाय, तो भ, तो ध.” आखाड्याचा मालक कपाळाला हात लावून बसला होता. पोरं त्याच्या भोवती फेर धरून “भ झाला, भ झाला” म्हणून ओरडत होती. त्याला वाटलं भाजपचं काहीतरी चाललंय. पण त्या दिवसापासून पहिलीत म-भ चुकलेला मला दिसला नाही. कुणी चुकायला लागलंच तर शेजारचं पोरगं कानात सांगतं, “पत्रा बग, पत्रा.”

आता ‘ढ’ची हकीगत.

सरांच्या वर्गात सोमवारी टोपणवाटप होतं. प्रत्येक पोराच्या गळ्यात सुतळीला ओवलेलं एकेक टोपण. आठवडाभर त्याचं नाव तेच. हजेरी त्यावरच. “प!” “हजर!” “न!” “हजर, पण शेंबूड आलाय!” मग प आणि न यांनी शेजारी उभं राहून शब्द करायचा, मध्ये ‘ा’ची काठी घेऊन तिसरा आला की ‘पान’. खेळ चांगला. कोण काना होणार यावरून मारामाऱ्या होत, कारण कान्याला काठी मिळते. एका सोमवारी एका पोराच्या गळ्यात ढ आला आणि तो तसाच घरी गेला. मंगळवारी सकाळी प्रार्थनेच्या आधीच त्याची माय फाटकात हजर. खुरपणीला निघालेली, खुरपं हातात तसंच.

“काय ओ सर, माझ्या लेकराच्या गळ्यात ढ बांधलाव व्हय?”

“ढ ढगाचा हो, माय.”

“ढगाचा मना न्हाई तर दगडाचा मना. गाव काय मनायलंय? जाऊ हासायलीय माझी!”

सर गप्प. मी माझ्या वर्गाच्या खिडकीतून बघत होतो, कारण खुरपं. सरांनी पोराच्या गळ्यातलं टोपण काढलं, स्वतःच्या गळ्यात घातलं आणि म्हणाले, “आजपासून ढ मी. मग तर झालं?” बाईला यावर काय बोलावं सुचेना. जाता जाता ती एवढंच म्हणाली की तुमच्या मालकिणीला सांगते.

महिनाभर सर ढ होते. हजेरीत पोरंच पुकारायची, “ढ!” आणि सर ओरडायचे, “हजर!” महिन्याच्या शेवटी अशी वेळ आली की ढ कुणाला मिळणार यावरून रडारड, त्याच पोरानं दोन गोट्या देऊन तो परत मिळवला. दरम्यान केंद्राची शिक्षण परिषद झाली. तालुक्यातून साहेब आलेले, साठ-सत्तर शिक्षक जमलेले, आणि सर पहिल्या रांगेत, गळ्यात हिरव्या टोपणावर पांढरा ठसठशीत ढ. काढायला विसरले होते. कुणी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.

त्यांच्या मालकीणबाईंबद्दल बोललं पाहिजे, कारण या सगळ्या शिक्षणशास्त्राचा खर्च त्यांच्या स्वयंपाकघरातून चालतो. शाळेच्या अनुदानात खडूचे डबे आणि झाडू आले की शिल्लक काही उरत नाही. सुरुवातीला सर परातीत ज्वारीचं पीठ पसरून त्यात बोटानं अक्षरं काढून घ्यायचे. पीठ घरचं, परातही घरची. संध्याकाळी तेच पीठ चाळून परत डब्यात. एका संध्याकाळी बाईंना भाकरी थापताना पिठात पेन्सिलीचं टोक सापडलं, आणि दुसऱ्या दिवसापासून परातीत शेतातली काळी माती आली, चहाच्या गाळणीनं चाळलेली. गाळणीचं बाईंना अजून माहीत नाही.

मी त्यांना म्हटलं, यात नवीन काय आहे? आपल्याकडचे जुने पंतोजी धूळपाटीवरच तर शिकवायचे. फळीवर धूळ पसरायची, तीत बोटानं गिरवायचं, पुसायचं, पुन्हा गिरवायचं. धुळाक्षरं हा शब्द त्यातूनच आला. सरांचा चेहरा उतरला. आपण काहीतरी शोधलंय असं त्यांना वाटत होतं. मग मी आणखी मीठ चोळलं. तुम्ही सुताराकडून पॉलिश पेपर आणून त्याची अक्षरं कापलीत ना, पोरांनी डोळे मिटून बोटानं ओळखायची? तसं मॉन्टेसरीबाईंनी रोममध्ये केलंय. १९०७ साली त्यांचं बालगृह सुरू झालं. आणि ते महागडं साहित्य परवडत नाही म्हणून शिंपले, बिया, खडे घेऊन ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५पासून बोर्डीला आणि नंतर कोसबाडला हेच केलं. यावर मात्र सर खुलले. “ताराबाईचं मला ठावं हाय,” म्हणाले. “डी.एड.ला होतं. दहा मार्काला.” आठवड्याभरात सावित्रीबाईंच्या तसबिरीशेजारी ताराबाईंचं वर्तमानपत्रातलं कात्रण चौकटीत लागलं. चौकट टोपणांची.

एक गोष्ट मात्र आपलीच, असा त्यांचा आग्रह होता: अक्षरांची धपाटी. शनिवारी सकाळच्या शाळेला बाई डबाभर धपाटी करून द्यायच्या, कणकेची वळी करून तव्यावर ग, ट, ठ, प असे आकार. जे अक्षर ओळखेल त्यानं ते खायचं. ठ सगळ्यांना लवकर आला, कारण तो सगळ्यात मोठा असायचा. ‘इ’ करताना तो तुटायचा आणि ‘क्ष’ करायला बाईंनी साफ नकार दिला होता. मी कुठंतरी वाचलं होतं ते सांगितलं: होरेस नावाचा रोमन कवी दोन हजार वर्षांपूर्वी लिहून गेलाय, की पोरांनी पहिली अक्षरं शिकावीत म्हणून मास्तर त्यांना गोड बिस्किटं देतात.

सर विचारात पडले. “बिस्किटाचा आकार कसला होता?”

“ते काही लिहिलेलं नाही.”

“मग ती लाच झाली,” सर समाधानानं म्हणाले. “आपलं धपाटं अभ्यासक्रमात येतंय.”

माझा स्वतःचा या प्रकारांवर विश्वास बसला तो एका दुपारी, आणि त्यात माझी शोभा झाली. पाठीवर अक्षर काढायचा खेळ चालला होता. पोरं ओळीनं एकामागं एक बसलेली. मागच्यानं पुढच्याच्या पाठीवर बोटानं अक्षर काढायचं, त्यानं ते तसंच पुढं धाडायचं, पहिल्यानं फळ्यावर लिहायचं. आगगाडीच म्हणा. एक पोरगं कमी पडत होतं म्हणून मला बसवलं. माझ्यामागं पहिलीतली मुलगी, जेमतेम माझ्या कोपराएवढी. तिचं इवलंसं बोट शर्टावरून फिरलं: वरती आडवी रेघ, खाली उभी, डावीकडं एक गोल. मी खात्रीनं पुढं ‘व’ धाडला. फळ्यावर व उमटला आणि मागून आवाज आला, “ब हाय की ओ! तुमच्या पाठीवर व च्या पोटात रेघ मारलाव मी. कळली न्हाई का?” मी म्हटलं, बनियन जाड आहे. तिनं ते मानलं नाही. उठून सरळ सरांकडं गेली आणि सांगितलं, “मोठ्या सरांना ब येत न्हाई.”

ती रेघ मला अजून आठवते. म्हणजे पाठीला आठवते.

एवढं झाल्यावर तरी मी सावध राहायला हवं होतं. सरांनी अंगाची अक्षरं काढली तेव्हा मी केंद्रावर टपाल द्यायला गेलो होतो. त्यांची कल्पना अशी की पोरांनी मैदानावर आडवं पडून अक्षर व्हायचं. ट ला एकच पोरगं लागतं, पाय आखडून. म ला तिघं. ‘त्र’ला किती लागतात यावर दुसरीत वाद चालू होता. सर टाकीच्या शिडीवर चढून मोबाइलनं वरून फोटो काढत होते, आणि “हलू नका रे, अजाबात हलू नका” असं ओरडत होते. दुपारची वेळ, खिचडी नुकतीच खाऊन झालेली. रस्त्यानं मोटारसायकलवरून जाणाऱ्या कुणीतरी कुंपणाबाहेरून बघितलं, तर वीस-बावीस पोरं मातीत वेडीवाकडी पडलेली, निपचित, आणि एक मास्तर टाकीवर चढलेला. त्यानं गाडीवरूनच फोन लावला: शाळेत विषबाधा, मास्तर टाकीवरून उडी मारायलाय.

मी परत आलो तेव्हा निम्मं गाव फाटकात होतं आणि १०८ची गाडी मैदानात शिरत होती. गाडी थांबली, डॉक्टर आणि मदतनीस स्ट्रेचर घेऊन धावले. तेवढ्यात ‘म’ उठून बसला. मग ‘ट’. मग सगळी वर्णमाला उठली, धूळ झटकली आणि गाडीला जाऊन भिडली. सरांनी लावलेली सवय अशी, की अक्षर दिसलं की वाचायचंच. “रु!” एकजण ओरडला. “ग ला ण जोडून ग्ण!” “रुग्ण... वा... हि... का!” डॉक्टर स्ट्रेचर धरून तसेच उभे. शासनानं २००९च्या लिपीच्या निर्णयात ॲ आणि ऑ यांना वर्णमालेत रीतसर जागा दिल्यापासून सर ‘ॲ’साठी गावातली वस्तू शोधत होते, ती त्या दिवशी दारात आली. सरांनी टाकीवरूनच सांगितलं, “पोरांनो, हिलाच म्हणायचं ॲम्ब्युलन्स. ॲ ॲम्ब्युलन्सचा!”

गर्दी हसत हसत पांगली. एक म्हातारबुवा मात्र फाटकाच्या खांबाला धरून खाली बसले होते ते उठेनात. जुन्या किल्लारीतले. त्यांना कुणी पाणी दिलं. ते सरांवर रागावले नाहीत, काही बोललेही नाहीत. मैदानाकडं, जिथं पोरं पडली होती तिथं, बघत होते फक्त. सर टाकीवरून उतरले आणि त्यांच्याजवळ जाऊन बसले. बराच वेळ बसले. फोटो त्यांनी त्याच संध्याकाळी मोबाइलमधून काढून टाकले. तेव्हापासून आमच्या शाळेत पोरं अक्षर होतात ती उभ्यानं, भिंतीला टेकून. त्र नीट जमत नाही.

शाळेत न गेलेल्या माणसांनाही आमच्याकडं तीन अक्षरं येतात: अ, ब, क. भूकंपानंतर सरकारनं नवी गावठाणं वसवली तेव्हा घरांचे तीन गट केले. बिनजमिनीचा आणि हेक्टरभरापर्यंतचा शेतकरी असेल त्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंतवाल्याला ४००, त्याच्यावरच्याला ७५०. यादीत नावापुढं कुठलं अक्षर आहे हे बघायला लोक उन्हात उभे राहिलेले. असल्या एका २५० फुटी घरातली आजी नातवाला सोडायला रोज शाळेत येते आणि सोडून जात नाही, वर्गाच्या पायरीवर बसते. सरांनी पहिल्या दिवशी अ चं टोपण तिच्या हातात ठेवलं. “हे वळखतीस का, आजी?”

“न वळखायला काय झालं? अ मंजी अडीचशे.”

त्या पावसाळ्यात आजीनं स्वतःच्या नावातली चार अक्षरं शिकून घेतली. पाटीला हात लावला नाही. पाटी लेकरांची, म्हणाली. पायरीवर चिंचोके मांडून मांडून शिकली. घरी भाकरी थापताना पिठावर बोटानं काढायची आणि थाप मारून मोडायची. शेवटच्या जोडाक्षरानं तिला श्रावणभर दमवलं. दसऱ्याला पोरांनी पाटीवर एकाच्या आकड्यांची सरस्वती काढली, तिच्याखाली आजीनं आपलं नाव लिहिलं. थोडं उतरतं, पण चारही अक्षरं जागच्या जागी.

मग ती रेशनला निघाली. सरांना बरोबर नेलं, साक्षीदार म्हणून. मी तिथं आधीच रांगेत होतो. आजीनं पदराच्या गाठीतून स्वतःचं पेन काढलं, टोपण सरांच्या हातात दिलं आणि दुकानदाराला म्हणाली, “कुठं करू सही? दाव.”

दुकानदारानं मशीन पुढं सरकवलं. “सही न्हाई लागत, आजी. आंगठा ठिव.”

“मला लिवता येतंय.”

“येत आसंल. पण मशीन आंगठाच घेतंय.”

आजीनं मशीनकडं नीट निरखून पाहिलं. पेन परत गाठीला बांधलं, अंगठा पुसला, ठेवला. पहिल्यांदा उमटला नाही. दुसऱ्यांदा ठेवला. “एवढं मोठं सरकार,” ती म्हणाली, “आन् मशीन अडाणी ठिवलंय व्हय?”

रांग हसली. सर हसले नाहीत. मशीनमधून पावती सरसर बाहेर येत होती, आणि आत कागदाचं रीळ संपत आलेलं दिसत होतं.

“दादा,” ते दुकानदाराला म्हणाले, “त्याचं पुंगळं टाकून देणार आसाल तर...”